गरब्याच्या उजेडातली पुरचुंडी: सणाच्या रंगांचं गूढ स्थिरचित्र तैलरंगात

सणाच्या वस्तू चित्रात मांडल्या की बहुतेक वेळा दुकानाची फळी तयार होते. दिवा, करंडा, बांगड्या, सुपारी, झेंडू, सगळं समोर, सगळ्यांवर सारखा उजेड, सगळीकडे लाल-पिवळा. चित्र गोड दिसतं, पण नजर त्यावर थांबत नाही. मग ते ‘गूढ’ करायचं म्हणून मागे काळा रंग भरला जातो, आणि फळीच्या मागे फक्त काळा पडदा येतो.

गूढपणा लपवण्यातून येतो. इथे काहीतरी आहे एवढं कळावं, काय आहे ते पुरतं दिसू नये. रंगाचंही तेच गणित आहे. राणी रंग झळकतो तो भोवती गप्प रंग असतील तेव्हा. या दोन गोष्टी सांभाळल्या तर आठ-दहा वस्तूंमध्ये काम होतं.

वडोदऱ्यात यासाठी लागणारी मुख्य वस्तू नवरात्राच्या आधी रस्त्याच्या कडेलाच मिळते: गरबो, म्हणजे भोकं पाडलेलं मातीचं लहान मडकं. मराठी घरात घट बसतो आणि शेजारच्या गुजराती घरात गरबो, एकाच गल्लीत. चित्रकाराच्या दृष्टीने गरबो घटापेक्षा उपयोगी, कारण त्यात उजेड आत असतो आणि बाहेर फक्त तुकड्यांनी येतो. निम्मं लपवण्याचं काम कुंभाराने आधीच केलेलं असतं.

खालची पद्धत १२ बाय १६ इंचांच्या कॅनव्हास बोर्डसाठी आहे. वस्तू जवळपास मूळ आकारातच काढायच्या. वाळण्याचे दिवस धरून तीन ते साडेतीन आठवडे लागतात. घटस्थापनेच्या दिवशी मांडणी केली तर दिवाळीपर्यंत चित्र पुरं होतं.

वस्तू

गरबो साधारण १२ सेंमी उंचीचा घ्या. आरसे आणि चमकी लावलेला नको, प्रत्येक आरसा स्वतःची एक चमक मागतो आणि डोळा भरकटतो. साधा, भाजलेल्या मातीचा, फार तर चुन्याचे ठिपके असलेला बरा. भोकं पंचवीस-तीस पुरेत.

दुसरी वस्तू म्हणजे चित्राचं कोडं: कापडाची पुरचुंडी. मंगळ बाजारात बांधणीची ओढणी मिळते, तिचा ३० सेंमीचा चौकोन पुरतो. रंग राणी, पोत मलमलीचा. जाड सॅटिन चालत नाही, कारण त्यातून उजेड आरपार येत नाही आणि या चित्राचा सगळा जीव त्या आरपार येण्यात आहे. आत मूठभर तांदूळ आणि एक कठीण वस्तू घालायची, म्हणजे पुरचुंडी बसते आणि एका बाजूला टेंगूळ येतं. ही कठीण वस्तू घरातल्या दुसऱ्या कुणाला निवडायला सांगा आणि पुरचुंडीही त्यांनाच बांधू द्या. आत काय आहे हे चित्रकाराला माहीत असलं की हात नकळत तोच आकार काढतो. माहीत नसलं की फक्त कापडाचा ताण काढला जातो. गाठीच्या वर कापडाचे चार कान मोकळे राहिले पाहिजेत, प्रत्येकी सहा-सात सेंमीचे.

बाकी वस्तू लहान आणि मुक्या: पितळी कुंकवाचा करंडा, दोन काचेच्या बांगड्या (एक हिरवी, एक लाल), संखेड्याच्या लाखकाम केलेल्या दांडियाचा आठ-दहा सेंमीचा तुटका तुकडा, दोन सुपाऱ्या, एक हळकुंड आणि एक कवडी. करंडा बंद ठेवा. उघडा करंडा हे दुसरं कोडं होतं, आणि एका चित्राला एकच कोडं पेलतं. चिमूटभर कुंकू सांडायचं असेल तर कागदाच्या कपट्यावर सांडा, कापडावर नको, डाग जात नाही.

झेंडू टाळा. खंडेराव मार्केटमधून ताजा आणलेला झेंडूही तिसऱ्या दिवशी मान टाकतो, आणि हे चित्र तीन आठवडे चालतं. शिवाय नारंगीचा एवढा मोठा गोळा आला की राणी रंगाला कुणी विचारत नाही.

कोनाडा आणि उजेड

जुन्या वाड्यांत भिंतीतला कोनाडा असायचा, तसा एक पुठ्ठ्याच्या खोक्यातून करायचा. रुंदी ४५, उंची ३५, खोली ३५ सेंमी. समोरची बाजू कापून टाका. आतून निळसर हिरवट, अगदी मंद रंग द्या, चकाकी नको. काळा देऊ नका. काळ्या कोनाड्यात सावली आणि भिंत एक होतात आणि खोली कळत नाही. तळाला जुन्या सुती लुगड्याचा किंवा पंच्याचा फिका, धुवून मऊ झालेला तुकडा अंथरा, रंग मातकट निळा किंवा शेवाळी. कापडाची मागची कड कोनाड्याच्या भिंतीवर थोडी वर चढवा, म्हणजे ‘टेबलाची आडवी रेघ’ दिसणार नाही. ती रेघ दिसली की वस्तू कुठे आहेत ते लगेच कळतं, आणि आपल्याला तेच नको आहे.

गरबो मागे, डाव्या अंगाला. त्याच्या पुढे, थोडी उजवीकडे पुरचुंडी, अशी की तिने गरब्याचा निदान एक तृतीयांश भाग झाकावा. उजेडाचं मूळ पूर्ण दिसू द्यायचं नाही. पुरचुंडीचा पुढचा भाग त्यामुळे सावलीत जातो, आणि वरचे कान मागच्या उजेडात पेटल्यासारखे दिसतात. करंडा पुरचुंडीला जवळजवळ टेकून, बांगड्या त्याच्यापुढे एकावर एक तिरप्या, दांडियाचा तुकडा खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत येणारा, पण कोपऱ्याला चिकटलेला नको, दोन बोटं अंतर ठेवा. सुपाऱ्या आणि हळकुंड सावलीत. कवडी मात्र सगळ्यांपासून सहा-सात सेंमी लांब, उजवीकडे एकटी, फट वर करून. घोळक्यातून बाहेर पडलेली एक वस्तू असली की उरलेल्या जवळ का बसल्यात असा प्रश्न आपोआप पडतो.

गरब्यात तेलाची वात लावून रंगवायला बसू नका. ज्योत हलते, ठिपके नाचतात, माती तापते, आणि शेजारी टर्पेंटाइनची बाटली उघडी असते. त्याऐवजी बॅटरीवरचा लहान एलईडी दिवा ठेवा, न लुकलुकणारा, २७०० केल्विनच्या आसपासचा. उजेड पांढरट वाटला तर त्याभोवती उत्तरायणातून उरलेला नारंगी पतंगाचा कागद एक पदर गुंडाळा. एलईडीला हे चालतं, वातीच्या दिव्याला कधीच नाही.

एवढ्यावर थांबलात तर पुरचुंडीचा पुढचा भाग नुसता काळा डाग दिसेल. म्हणून दुसरा, खूप क्षीण आणि थंड उजेड उजवीकडून हवा. उत्तरेची खिडकी असेल तर पडदा चार बोटं उघडा ठेवणं पुरतं. रात्री काम करणार असाल तर शेजारच्या खोलीतला दिवा लावून दार थोडं उघडा. पुरचुंडीचं टेंगूळ जेमतेम कळेल एवढाच उजेड. स्पष्ट दिसायला लागलं तर दार लोटा.

पॅलेट आणि बोर्डासाठी तिसरा दिवा स्वतंत्र: ४००० केल्विन, नऊ वॉट, डोक्याच्या मागून, आणि पुठ्ठ्याच्या आडोशाने कोनाड्यापासून तोडलेला. याचं कारण नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात. अंधूक उजेडात डोळ्याला लाल रंग गडद आणि निळा-हिरवा उजळ दिसायला लागतो. शिवाय पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग आणि पांढरा रंग यांतला फरक पुसट होतो. त्या उजेडात मिसळलेला रंग रात्री बरोबर वाटतो, आणि सकाळी बघितलं तर सगळीकडे नको तेवढा पिवळा आणि भडक लाल. कोनाडा अंधारात असू द्या, पॅलेट नाही.

मांडणीचा फोटो काढून ठेवणं चांगलं, पण फोनचा नाइट मोड बंद करा. तो सावल्या उजळून टाकतो आणि जे लपवलं ते सगळं उघडं करतो. गरब्याच्या भोकावर बोट दाबून एक्स्पोजर कुलूपबंद करा. हा फोटो फक्त वस्तू हलल्या तर परत जागेवर ठेवण्यासाठी, रंगासाठी नाही. खडूने तळाच्या कापडावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषाही आखून ठेवा, घरात मूल किंवा मांजर असेल तर नक्कीच.

रंग, ब्रश, तेल

टायटॅनियम व्हाइट, येलो ऑकर, लेमन यलो, इंडियन यलो ह्यू, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन आणि क्विनाक्रिडोन रोझ. पांढऱ्याची ट्यूब ४० मिलीची, बाकी २० मिली पुरतात. क्विनाक्रिडोनची ट्यूब घेताना मागे पीव्ही १९ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलाय का पाहा. राणी रंग लाल आणि पांढऱ्याच्या मिश्रणातून येत नाही, व्हर्मिलियनमध्ये पांढरा टाकला की गाजरी रंग होतो. क्रिमसनच्या स्वस्त ट्यूबने सुरुवातीला काम भागतं, पण पीआर ८३ जातीचा ॲलिझरिन पातळ थरात उजेडाने फिका पडतो, आणि आपण तो पातळ थरातच लावणार आहोत. खरं कुंकू, हळद किंवा गुलाल रंगात मिसळण्याचा मोह होतो. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, आणि गुलालातल्या रंगांचा तर भरवसाच नाही. वस्तू समोर आहे तेवढं पुरे.

काळी ट्यूब विकत घेऊ नका. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन सारख्या प्रमाणात मिसळले की जवळजवळ काळा होतो, आणि त्याला उबदार किंवा थंड करता येतं.

ब्रश चार: आठ नंबरचा चपटा हॉग हेअर, सहा नंबरचा फिल्बर्ट (गोलसर टोकाचा चपटा), दोन नंबरचा गोल सिंथेटिक, आणि पारदर्शक थरासाठी दहा नंबरचा मऊ चपटा. शिवाय एक कोरडा, मऊ, फुलवलेला ब्रश, ज्याला रंग कधीच लावायचा नाही. टर्पेंटाइन चित्रसाहित्याच्या दुकानातून घ्या. हार्डवेअरचं कधी कधी वाळल्यावर चिकट राहतं.

रेखाटन: दोन मापं

डोळा कापडापासून २० सेंमी उंच आणि वस्तूंपासून ७५ सेंमी लांब राहील असं बसा. स्टुलाची उंची त्याप्रमाणे ठरवा आणि मग बदलू नका. या अंतरावर आडवी ठेवलेली बांगडी रुंदीच्या साधारण पाव भाग उंच दिसते. दोन-चार मापाची बांगडी आतून ५७ मिमी व्यासाची असते, म्हणजे तिचा आतला लंबगोल ५७ मिमी रुंद आणि जेमतेम १५ मिमी उंच. बहुतेकांच्या चित्रात तो २५ मिमी होतो, कारण बांगडी गोल आहे हे मनाला माहीत असतं. मग बांगडी कापडावर बसलेली न दिसता उभी राहिल्यासारखी दिसते. करंड्याचा तळ आणि गरब्याचा तळ याच प्रमाणाचे हवेत. गरब्याचं तोंड डोळ्याच्या पातळीच्या जवळ असल्याने तिथला लंबगोल आणखी चपटा.

बोर्डावर आधी अंबरमध्ये किंचित अल्ट्रामरीन घालून, टर्पेंटाइनने पातळ करून सगळीकडे हात फिरवा आणि जुन्या बनियनच्या कापडाने पुसा. बोर्ड धुळकट तपकिरी झाला पाहिजे. ओला असतानाच दोन नंबरच्या ब्रशने अंबरमध्ये वस्तू काढा, आणि जिथे उजेड आहे तिथला रंग कापडाने पुसून उघडा करा: कान, गरब्याची भोकं, करंड्याचा खांदा. या टप्प्यावर चित्र दोन मीटर लांबून बघा. डोळे अर्धे मिटले तर फक्त दोन उजळ जागा दिसायला हव्यात, एक मोठी आणि एक लहान. चार दिसत असतील तर दोन पुसा.

राखाडी थर

दुसऱ्या दिवशी पांढरा, अंबर आणि अल्ट्रामरीन यांच्या राखाडीत सगळं चित्र एकदा रंगवून घ्यायचं. रंग नाही, फक्त उजेड-अंधार. काळ्याला १ आणि पांढऱ्याला १० मानलं तर कोनाड्याची भिंत २, कापड ३, गरब्याचं अंग ३, पुरचुंडीचा सावलीतला भाग ३, कान ८ ते ९, भोकांचा मध्य १०. ज्या जागांवर नंतर पारदर्शक रंग चढणार आहे त्या जागा शेवटी हव्यात त्यापेक्षा दोन पायऱ्या उजळ ठेवा, कारण प्रत्येक पारदर्शक थर चित्र गडद करतो. हे विसरलं की शेवटी सगळं जांभळट चिखल होतं, आणि वर पांढरा टाकून उजळवायला गेलं की खडूसारखं फिकट.

बांधणीचे ठिपके याच थरात. संपूर्ण कापडावर ते काढू नका. फक्त उजेड लागलेल्या घड्यांवर, एक-दोन मिमीचे, जाडसर पांढऱ्याचे, थोडे उठलेले. घडी वळते तिथे ठिपका चपटा होतो, दोन ठिपक्यांतलं अंतर कमी होतं, आणि सावलीत तो नाहीसा होतो. सगळे ठिपके मोजून काढले तर कापड भिंतीला लावलेल्या कागदासारखं सपाट होतं.

आता पाच ते सात दिवस थांबा. पावसाळा लांबला असेल तर दोन दिवस जास्त. खोलीत उजेड आणि वारा हवा. धूळ बसू नये म्हणून बोर्ड कपाटात ठेवतात, पण अंधारात तेल पिवळं पडतं. भिंतीकडे तोंड करून, तिरपा टेकवून ठेवला की पुरतं.

संखेड्याचा धडा

पुढचं तंत्र समजून घ्यायला दांडियाचा तो तुकडा हातात घ्या. वडोदऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या संखेड्यात लाकडावर कथिलाच्या रंगाने नक्षी काढतात आणि वर लाखेचा पारदर्शक थर चढवतात. नक्षी मुळात चंदेरी असते, वरच्या थरामुळे ती सोनेरी दिसते. उजेड थरातून आत जातो, कथिलावर आपटून परत बाहेर येतो, म्हणून ती झळाळी. पिवळा रंग नुसता वर फासला असता तर अशी दिसली नसती.

पुरचुंडीचे कान नेमके असेच करायचे. खाली वाळलेला उजळ राखाडी-पांढरा, वर पारदर्शक राणी. तांदळाच्या दाण्याएवढा क्विनाक्रिडोन रोझ घ्या. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन सारखं मिसळून त्याचे चार-पाच थेंब घाला. मऊ चपट्या ब्रशने कानांवर आणि पुरचुंडीच्या सगळ्या अंगावर पसरा, मग कोरड्या मऊ ब्रशने हलके थोपटत ब्रशच्या रेघा घालवा. थर इतका पातळ हवा की खालची घडी न् घडी दिसावी. दोन मिनिटांनी बोटाला कापड गुंडाळून उठलेल्या ठिपक्यांवरून अलगद फिरवा. उंचवट्यावरचा रंग निघतो, खोलगटातला राहतो, आणि ठिपके आपोआप उमटतात. ब्रशने वरून काढलेल्या ठिपक्यांपेक्षा हे कितीतरी जिवंत दिसतात.

तीन-चार दिवसांनी दुसरा थर. या वेळी मिश्रणात तेल थोडं जास्त, तीन भाग तेलाला दोन भाग टर्पेंटाइन. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट असलाच पाहिजे. उलट झालं तर वरचा आधी वाळून ताठ होतो, खालचा नंतर हलतो, आणि वर्षभरात चिरा पडतात. दुसऱ्या थरात कानांच्या अगदी पातळ कडांना इंडियन यलो ह्यू, गाठीकडे परत रोझ, आणि पुरचुंडीच्या सावलीतल्या पोटावर रोझमध्ये चिमूटभर व्हिरिडियन. राणी आणि हिरवा एकमेकांना मारतात आणि गडद वांगी रंग तयार होतो, जो सावलीत असूनही राणीचाच वाटतो. इथे काळा घातला असता तर कापड मळकं दिसलं असतं.

रंग धरत नसेल, थेंब थेंब होऊन पळत असेल, तर पृष्ठभाग फार गुळगुळीत वाळलाय. तेलाचं बोट फिरवून कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्या आणि परत लावा.

माती, पितळ, काच

गरबो सरळ रंगवा, पारदर्शक थर नको. मातीचं अंग बर्न्ट सिएना, अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन, कोरडं आणि जाडसर. खरी मेहनत भोकांची आहे. पांढरे ठिपके दिले की ते भोक न दिसता चिकटवलेली टिकली दिसते. प्रत्येक भोकाचे तीन भाग करा: मध्यभागी पांढऱ्यात लेमन यलोचा जेमतेम अंश, त्याभोवती मडक्याच्या जाडीवर पडलेला नारंगी कडा (ऑकर, सिएना आणि लेमन यलो), आणि बाहेर मातीवर पसरलेली धूसर तांबूस झाक. नारंगी कडा एकाच बाजूला जाड असते, कारण मडक्याची जाडी आपल्याला एकाच बाजूची दिसते. डावीकडच्या भोकांत ती डावीकडे, उजवीकडच्यांत उजवीकडे. आणि सगळी भोकं सारखी उजळ नकोत. दिव्याच्या थेट समोरची तीन-चार पूर्ण, बाकीची नुसती नारंगी, काठावरची तर फक्त तपकिरी फट.

कापडावर आणि भिंतीवर पडणारे उजेडाचे ठिपके गरब्यापासून लांब जावं तसे मोठे आणि मंद होतात. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की ठिपका साधारण दुप्पट रुंद आणि उजेड चौथाई. तिरप्या कापडावर ते दिव्यापासून दूर ताणले जातात. असे सात-आठ ठिपके पुरेत. त्यातला एक करंड्यावर चढून वाकलेला असला तर फार बरं, त्याने दोन वस्तू एका जागेत असल्याचं सिद्ध होतं.

पितळाला सोनेरी रंगाची ट्यूब वापरू नका. तो रंग स्वतः चमकतो आणि खोलीतल्या खऱ्या उजेडाप्रमाणे बदलतो, त्यामुळे चित्रातला उजेड खोटा पडतो. पितळ म्हणजे ऑकर, हिरवट अंबर, आणि आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब. करंड्याच्या डाव्या बाजूला पुरचुंडीचा राणी लांबट पट्ट्याने दिसेल, तळाजवळ कापडाचा निळसर. झळाळीला एकच ठिपका, लेमन यलो घातलेला पांढरा, न पुसता ठेवलेला. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. त्यांत रंगवलेला एखादा दागिना हातभर अंतरावरून आणि मग दहा पावलांवरून बघून या.

करंडा नुकताच चिंचेने घासलेला असेल तर जास्तच चकाकतो. दोन-तीन आठवडे न घासलेला वापरा. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार ज्योर्ज्यो मोरांदी (१८९० ते १९६४) आयुष्यभर मुख्यतः लहान बाटल्या आणि डबे रंगवत राहिला, आणि चकाकी मारण्यासाठी त्यातल्या काही वस्तूंना तो आधी मंद रंग देऊन घ्यायचा. आपल्याला तेवढं करायची गरज नाही, पण लहान वस्तू शांत असली तरच खोल वाटते हे त्याने फार नेमकं ओळखलं होतं.

काचेच्या बांगडीत सगळ्यात उजळ जागा बऱ्याचदा उजेडाच्या उलट बाजूला येते, कारण उजेड काचेतून जाऊन तिथे जमतो. बाहेरची झळाळी पांढरी आणि बारीक, आतली रंगीत आणि पसरट. हिरव्या बांगडीला व्हिरिडियन आणि लेमन यलो, आणि तिच्या सावलीतही हिरव्याचा एक थेंब. बांगडीची पूर्ण गोल रेघ काढू नका, मागचा निम्मा भाग अंधारात जाऊ द्या.

कुंकवाला झळाळी नाही. भुकटी उजेड पिऊन घेते. त्यावर एक जरी पांढरा ठिपका पडला तर ते जॅम दिसतं.

कडा आणि मोजदाद

सगळं रंगवून झाल्यावर दोन तास फक्त कडांसाठी ठेवा. निदान तीन जागी वस्तूची बाह्यरेषा आणि पार्श्वभूमी एकमेकांत विरली पाहिजे: हळकुंडाची मागची बाजू, पुरचुंडीचा उजवा तळ आणि दांडियाचं खालचं टोक या चांगल्या जागा. ओल्या रंगावरून कोरडा फुलवलेला ब्रश एकदाच, आडवा. दुसऱ्यांदा फिरवलात तर धूर दिसायला लागतो. धारदार कड चित्रात एकच ठेवा, उजेड लागलेल्या कानाची.

मग भडक रंगाची मोजदाद करा. या आकाराच्या चित्रात झगमगता रंग सगळा मिळून तुमच्या तळहाताएवढा असावा. तळहात चित्रासमोर धरा आणि मनातल्या मनात कान, भोकं, बांगड्या, कुंकू त्यात बसवून पाहा. बसत नसतील तर वस्तू काढू नका, त्यांच्यावर अंबरचा पातळ थर द्या. लाल बांगडी पहिली बळी जाते, जाऊ द्या. कवडीवर मात्र खिडकीच्या उजेडाची थंड, निळसर पांढरी रेघ राहू द्या. सगळं चित्र उबदार असताना ती एकटी थंड असते.

अंधार मेलेला वाटत असेल, म्हणजे डांबरासारखा सपाट, तर तो एकाच रंगाने जाड भरला गेलाय. तो वाळू द्या आणि त्यावर एका भागात व्हिरिडियनचा, दुसऱ्या भागात सिएनाचा तेलकट पातळ थर द्या. कमाटीबागेतल्या संग्रहालयाच्या चित्रदालनात जुनी युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे चेहरे सोडून फक्त कोपरे बघत एक तास फिरलात तर अंधार किती पातळ रंगवता येतो ते कळेल.

वाळवण आणि चिंध्या

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती अडकली तर चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात झाकण लावून ठेवा. दिवाळीत घराघरांत पणत्या असताना ही काळजी दुप्पट घ्यायची.

दिवाळीत चित्र भिंतीवर लावता येईल, पण वार्निश नाही. वरून कोरडं वाटलं तरी आतला थर महिनोन्महिने वाळत असतो. पाडव्याच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमाराला, दाट जागी नख हलकं दाबून पाहा. खूण उमटली नाही तर मॅट आणि ग्लॉस वार्निश सारख्या प्रमाणात मिसळून एक पातळ हात द्या. नुसत्या ग्लॉसने अंधाऱ्या भागात खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं, नुसत्या मॅटने अंधार राखट होतो. टांगताना खिडकीच्या समोरची भिंत सोडा. बाजूची भिंत घ्या, आणि दिवा चित्राच्या डावीकडून येईल अशी जागा शोधा, गरब्याचा उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूने.